चित्रात कोंडलेली मराठी

सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ रोजी दिलेल्या एका निकालाला अगदी साध्या शारीरिक क्रियेचे निमित्त होते. ती क्रिया म्हणजे पापणी लवणे. बँकेत खाते उघडताना किंवा मोबाईलचे सिमकार्ड घेताना ग्राहकाची ओळख आता कॅमेऱ्यासमोर पटवली जाते. समोर छायाचित्र नसून जिवंत माणूस आहे, याची खात्री करण्यासाठी डोळ्यांची उघडझाप करण्यास सांगितले जाते. ॲसिडहल्ल्यात चेहरा आणि डोळे होरपळलेल्या व्यक्तींना ती करता येत नाही. साहजिकच त्यांचे खातेही उघडत नाही. प्रज्ञा प्रसून आणि इतरांची ही याचिका व अमर जैन या पूर्णतः अंध वकिलाची याचिका यांचा एकत्रित निवाडा करताना न्या. जे. बी. पारडीवाला आणि न्या. आर. महादेवन यांच्या खंडपीठाने वीस निर्देश दिले आणि डिजिटल सेवांपर्यंत पोहोचण्याचा हक्क हा घटनेच्या २१ व्या अनुच्छेदातील जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचे स्पष्ट केले.

या निकालाचे मोल निर्विवाद आहे. तथापि त्याचा रोख प्रामुख्याने बँका, दूरसंचार कंपन्या आणि शासकीय यंत्रणा यांच्याकडे आहे. सामान्य माणूस दिवसभरात जी माहिती शोधतो, मिळवतो आणि पुढे पाठवतो, तिच्यातील फारच थोडी या यंत्रणांकडून येते. उद्या पाणी कोणत्या वेळी येणार, कोणाच्या घरी काय घडले, रक्तदात्याची गरज कोणाला आहे, नाटक कोणत्या सभागृहात आहे, वधू-वर मेळाव्याची नोंदणी कुठे करायची, ही माहिती माणसे एकमेकांना देत असतात. तिच्यावर न्यायालयाचा अंकुश नाही आणि असूही नये. परंतु अंध किंवा कर्णबधिर माणसाच्या वाट्याला येणारे एकाकीपण बहुतांशी इथेच तयार होते. मराठीच्या बाबतीत हा प्रश्न किती गुंतागुंतीचा झाला आहे हे पाहायचे असेल, तर महाराष्ट्राबाहेरील एखादी मराठी वसाहत पाहणे अधिक उपयुक्त ठरेल. तिथे मराठीचा आधार मुळातच पातळ असतो आणि तो जिथे तुटतो ती जागा ठळक दिसते.

इंदूरचे राजेंद्र नगर ही अशी एक वसाहत आहे. इंदूरहून महूकडे जाणाऱ्या लोहमार्गावर याच नावाचे छोटे स्थानक आहे. होळकरांच्या या नगरीत मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत आणि शहराच्या जुन्या भागातून नव्या वस्त्यांकडे सरकताना त्यांतील पुष्कळांनी राजेंद्र नगर गाठले. लता मंगेशकर यांचा जन्म १९२९ साली इंदुरातच झाला. त्यांच्या नावाचे सभागृह याच भागात आहे. २०११ च्या जनगणनेत मध्य प्रदेशात सुमारे बारा लाख लोकांनी आपली मातृभाषा मराठी असल्याचे नोंदवले होते. बालाघाट, छिंदवाडा, बैतूल, बऱ्हाणपूर या सीमेलगतच्या जिल्ह्यांप्रमाणे इंदुरातही त्यांची दखल घ्यावी एवढी संख्या आहे. गणेशोत्सव, दिवाळी अंक, नाटके, व्याख्यानमाला हे सारे तिथे आहे. ‘सानंद’सारख्या संस्थेमुळे पुण्या-मुंबईची नाटके इंदूरकरांना आपल्याच शहरात पाहायला मिळतात. इंदूरकर मराठी माणूस घरात मराठी, रस्त्यावर हिंदी आणि रागावल्यावर दोन्ही बोलतो, असे गमतीने म्हटले जाते; ते फारसे खोटे नाही.

अशा वसाहतीत मराठी लिखित मजकूर लोकांपर्यंत कोणत्या मार्गांनी येतो? पहाटे दारात पडणारे वर्तमानपत्र बहुधा हिंदी असते. दुकानांच्या पाट्या, बसची स्थानके, दवाखान्यातील सूचना, वीजबिल, सारे हिंदीत. महाराष्ट्रात किंवा गोव्यात मराठी वाचकाच्या दृष्टीला चालता चालता जी मराठी पडते, ती इथे पडत नाही. म्हणून मोबाईलचा पडदा हा इंदूरमधील मराठी माणसाचा वाचनाचा मुख्य मार्ग होत गेला आहे. आता अशी कल्पना करावी की आयुष्यभर मराठी वाचत आलेल्या माणसाची दृष्टी सत्तरीनंतर काचबिंदूने किंवा मधुमेहाने गेली. मुले पुण्यात, बंगळुरूत किंवा परदेशात. या वयात ब्रेल शिकणे जवळजवळ अशक्य. मधुमेहाने बोटांची संवेदनाही मंदावलेली असते. या माणसाला मराठी वाचनाशी जोडून ठेवू शकेल असे एकच साधन उरते, ते म्हणजे त्याच्या फोनमधला आवाज.

हा आवाज कसा काम करतो हे समजून घेतल्यावाचून पुढचे काही उलगडणार नाही. अँड्रॉइड फोनमध्ये ‘टॉकबॅक’, आयफोनमध्ये ‘व्हॉइसओव्हर’ आणि संगणकावर २००६ साली ऑस्ट्रेलियातील दोन अंध तरुणांनी सुरू केलेला, विनामूल्य मिळणारा ‘एनव्हीडीए’ यांना स्क्रीन रीडर म्हणतात. पडद्यावर जे अक्षररूपात साठवलेले असते ते उचलून हा रीडर वाचकशक्तीकडे, म्हणजे कृत्रिम आवाजाच्या यंत्रणेकडे, सोपवतो. मराठी आवाज आज सहज उपलब्ध आहे. त्यासाठी पैसेही पडत नाहीत. दहा-पंधरा वर्षांपूर्वी ही स्थिती नव्हती, हे मान्य केले पाहिजे. परंतु रीडरला अक्षरेच लागतात. अक्षरांचे छायाचित्र त्याच्या दृष्टीने एक कोरा चौकोन असतो. ‘प्रतिमा’ एवढेच म्हणून तो पुढे सरकतो.

आणि आपली मराठी आज याच चौकोनांतून फिरते आहे. कोणत्याही मराठी मंडळाचा व्हॉट्सॲप समूह उघडून पाहावा. निमंत्रणपत्रिका, कार्यक्रमपत्रिका, शोकसंदेश, वधू-वर सूचक पत्रके, आरोग्य शिबिरांची माहिती, वर्तमानपत्रातील कात्रणे, बहुतेक सारे चित्रस्वरूपात येते. लाल मखमली पार्श्वभूमीवर सोनेरी वळणदार अक्षरे, कोपऱ्यात समई, वर गणपती. दृष्टी असलेल्याला ते प्रसन्न वाटते; दृष्टी नसलेल्याला त्या समूहात दिवसभर काहीतरी येत आहे एवढेच कळते. चित्रातील अक्षरे ओळखणारी साधने आता फोनमध्ये आहेत आणि ती झपाट्याने सुधारत आहेत. स्वच्छ छापील मजकूर ती बऱ्यापैकी वाचतात. पण नक्षीदार देवनागरी, एकमेकांवर चढलेली जोडाक्षरे, चमकदार पार्श्वभूमी यांपुढे ती अडखळतात. कवितेची एखादी ओळ चुकली तर फारसे बिघडत नाही. तारीख, दूरध्वनी क्रमांक किंवा औषधाची मात्रा चुकली तर बिघडते, आणि चूक झाली आहे हे ऐकणाऱ्याला कळण्याचा मार्गही नसतो.

चित्र नसेल तिथेही सारे सुरळीत असते असे नाही. युनिकोड रुळण्यापूर्वी देवनागरी टंकलेखनासाठी जे फॉन्ट वापरले गेले, त्यांचा वारसा अजून सरलेला नाही. महाराष्ट्रात श्रीलिपी आणि सीडॅकचे फॉन्ट, हिंदी पट्ट्यात कृतिदेव. या फॉन्टांमध्ये संगणकाच्या पोटात प्रत्यक्षात रोमन अक्षरे साठवलेली असतात. फॉन्ट केवळ त्यांच्यावर देवनागरीचा मुखवटा चढवतो. डोळ्यांना ‘भारत’ दिसते, पण कृतिदेवमध्ये आत साठवलेले असते ते एच, के, के, जे, आर. स्क्रीन रीडर मुखवटा पाहत नाही. तो प्रामाणिकपणे ‘एच के के जे आर’ वाचतो. अशा फॉन्टमधले संपूर्ण परिपत्रक ऐकणाऱ्याला काय ऐकू येत असेल याची कल्पना करावी. शोधयंत्रालाही ही अक्षरे देवनागरी म्हणून कळत नाहीत. म्हणजे असा मजकूर अंध व्यक्तीला ऐकता येत नाही आणि डोळस व्यक्तीला शोधता येत नाही. एकच दोष दोघांना वेगवेगळ्या दारांशी अडवतो. कित्येक मराठी संस्थांचे जुने अंक, स्मरणिका, इतिवृत्ते अशा फॉन्टांत अडकून पडलेली आहेत. ती युनिकोडमध्ये आणणारी परिवर्तके उपलब्ध असूनही ते काम हाती घेतले जात नाही, कारण डोळ्यांना काहीच बिघडलेले दिसत नाही.

तिसरी अडचण इंदूरची खास म्हणावी अशी आहे. हिंदी आणि मराठी यांची लिपी एकच. पडद्यावर देवनागरी आली की ती कोणत्या भाषेची, हे फोनला लिपीवरून कळत नाही. ज्याने पान तयार केले त्याने भाषेची खूण नोंदवावी अशी तांत्रिक सोय असते. वेबसाठीच्या आंतरराष्ट्रीय सुगम्यता निकषांत ती अगदी पहिल्या पातळीची अट आहे. पण ती नोंद पुष्कळदा वगळली जाते किंवा मराठी पानावर हिंदीची खूण लावली जाते. इंदूरमधील फोन सहसा हिंदीवर बेतलेला असतो. परिणामी मराठी मजकूर हिंदी आवाजात वाचला जातो. ‘ज्ञानेश्वर’चे ‘ग्यानेश्वर’ होते. ‘चाक’ आणि ‘चार’ यांतील च सारखाच उच्चारला जातो. ‘असं’, ‘घरं’ यांवरील अनुस्वार नाकात शिरतो. ५९ हा आकडा ‘एकोणसाठ’ न राहता ‘उनसठ’ होतो. इंदूरच्या मराठी माणसाला दोन्ही पाढे येतात, त्यामुळे आकड्यांवाचून त्याचे अडत नाही. परंतु ललित लेख, कथा, अभंग या आवाजात दहा मिनिटे ऐकून पाहावेत, म्हणजे कान किती लवकर थकतो ते कळेल. परभाषेच्या उच्चारांतून आपली भाषा ओळखत बसण्याचे श्रम माणूस औषधाच्या माहितीसाठी घेईल, वाचनाच्या आनंदासाठी घेणार नाही. तो हळूहळू हिंदीच ऐकू लागतो. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, त्याचा आनंद सर्वत्र साजरा झाला. पण एका वाचकाचे मराठी वाचन अशा क्षुल्लक कारणाने तुटते, याची चर्चा त्या निमित्ताने फारशी कानावर आली नाही.

मात्र हे अडथळे तंत्रज्ञानाच्या मर्यादेतून आलेले नाहीत. निमंत्रणपत्रिकेचे उदाहरण पुन्हा घेऊ. कार्यवाहांनी मजकूर आधी फोनवर टंकलेला असतो. बहुधा व्हॉट्सॲपवरूनच तो पत्रिका सजवणाऱ्याकडे जातो. त्या क्षणी तो अंध व्यक्तीला ऐकता येईल असाच असतो. सजावटकार त्याचे चित्र करतो, समूहात चित्र जाते आणि मूळ मजकूर कोणाच्या तरी फोनमध्ये पडून राहतो. सरकारी कार्यालयातही हेच घडते. परिपत्रक संगणकावर टंकले जाते, कागदावर छापले जाते, त्यावर सही-शिक्का होतो, कागद स्कॅन होतो आणि तो स्कॅन संकेतस्थळावर चढतो. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० मध्ये आला आणि त्याने डिजिटल स्वाक्षरीला सहीइतकीच मान्यता दिली. तरीही हा फेरा पंचवीस वर्षांनंतर चालूच आहे. सुगम मजकुरापासून दुर्गम चित्रापर्यंतचा हा प्रवास आपण श्रम आणि पैसा खर्चून करतो. तो टाळण्यासाठी व्हॉट्सॲपच्या बाबतीत करावयाचे एवढेच, की चित्राखाली तोच मजकूर चिकटवावा. अंध वाचकाची सोय तर होतेच, शिवाय तारीख शोधायला प्रत्येकाला शंभर संदेश मागे सरकवावे लागत नाहीत.

मजकूर हाच पाया मानावा, याला आणखी एक कारण आहे. अक्षरांचा आवाज होतो, ब्रेल होते, मोठा टाईप होतो, भाषांतरही होते. चित्राचे किंवा ध्वनीचे असे सहजी काही होत नाही. मराठी टंकलेखनाचा कंटाळा म्हणून ज्येष्ठ मंडळी आता बोललेले संदेश पाठवतात. ते अंधांना सोयीचे, पण कर्णबधिरांना सर्वस्वी बंद. एकाची सोय दुसऱ्याची अडचण होते, आणि दिव्यांगांसाठी म्हणून एकच उपाय योजणारे नेमके इथे फसतात.

या प्रश्नाची कर्णबधिरांची बाजू इंदूर शहराने फार जवळून पाहिली आहे. लहानपणी चुकून पाकिस्तानात पोहोचलेली, कराचीच्या ईधी फाउंडेशनने सांभाळलेली गीता २६ ऑक्टोबर २०१५ रोजी भारतात परतली. तिला बोलता-ऐकता येत नव्हते. तत्कालीन परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज यांनी जातीने लक्ष घातले आणि तिची राहण्याची व्यवस्था इंदूरमधील कर्णबधिरांच्या संस्थेत झाली. तिचे छायाचित्र देशभर पोहोचले, वृत्तवाहिन्यांनी तासन्‌तास दाखवले. तिच्यावर हक्क सांगणारी कुटुंबे अनेक प्रांतांतून आली. गुणसूत्रांच्या चाचण्या जुळल्या नाहीत. माहितीचा पूर लोटला होता, मात्र जिच्याविषयी ती माहिती होती तिला काय आठवते, हे विचारून नेमके समजून घेणारी माणसे मोजकी होती. गावाचे नाव तिला लिहिता येत नव्हते. तिच्या खुणा कोणत्या गावाकडे बोट दाखवतात हे शोधण्याचे काम इंदूरच्या सांकेतिक भाषातज्ज्ञांनी वर्षानुवर्षे केले. शोध मराठवाड्याकडे वळला आणि मार्च २०२१ मध्ये तिचे मूळ परभणी जिल्ह्यात सापडल्याच्या वार्ता आल्या. मायदेशी परतल्यावर साडेपाच वर्षे! छायाचित्राने हे काम पाच दिवसांत व्हायला हवे होते, असे आपल्याला वाटते, कारण छायाचित्र आपल्यासाठी बोलते. तिच्या बाजूने बोलण्यासाठी भाषा हवी होती.

भारतीय सांकेतिक भाषेच्या संशोधन व प्रशिक्षणासाठी राष्ट्रीय केंद्र दिल्लीत २०१५ मध्ये स्थापन झाले. २०१८ मध्ये तीन हजार शब्दांचा पहिला कोश निघाला आणि २०२१ पर्यंत तो दहा हजारांवर गेला. मोबाईलवरील दृक्‌संवादाने कर्णबधिरांचे जग खरोखरच बदलले. इंदूरच्या तुकोगंज पोलीस ठाण्याशी जोडलेल्या साहाय्य केंद्राकडे दूरवरचे कर्णबधिर याच मार्गाने मदत मागत आले आहेत. मराठी चित्रफितींना मराठीत तळओळी देणे मात्र अद्याप अपवादच आहे. व्याख्यानमाला आता यूट्यूबवर चढतात, ही चांगलीच गोष्ट. पण आपोआप तयार होणाऱ्या ओळींवर विसंबून राहिल्यास वक्त्याचे नाव आणि ग्रंथाचे नाव हमखास भलतेच उमटते.

आता कायद्याकडे वळू. संयुक्त राष्ट्रांचा दिव्यांग हक्क करार भारताने १ ऑक्टोबर २००७ रोजी अंगीकारला. त्यानुसार २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा आला आणि १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. १९९५ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे सात प्रकार होते, ते २१ झाले. कलम ४२ नुसार श्राव्य, मुद्रित आणि इलेक्ट्रॉनिक माध्यमांतील सर्व मजकूर सुगम असेल हे पाहण्याची जबाबदारी शासनावर आहे. कलम ४६ नुसार शासकीय तसेच खासगी सेवापुरवठादारांनी नियम अधिसूचित झाल्यापासून दोन वर्षांत सेवा सुगम करायच्या होत्या. नियम जून २०१७ मध्ये आले. मुदत जून २०१९ मध्ये संपली. ३ डिसेंबर २०१५ रोजी सुरू झालेल्या सुगम्य भारत अभियानात संकेतस्थळांचाही समावेश होता.

एवढे असूनही फरक का पडला नाही, याचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ च्या राजीव रतुरी खटल्यात दिले. २००५ मध्ये दाखल झालेली ही याचिका. कायद्याने अनिवार्य मानलेली गोष्ट नियम १५ (१) ने केवळ मार्गदर्शक सूचनांच्या पातळीवर आणून ठेवली होती. तो नियम मूळ कायद्याशी विसंगत ठरवून न्यायालयाने किमान बंधनकारक निकष तीन महिन्यांत वेगळे काढण्यास केंद्राला सांगितले. म्हणजे सात वर्षे सारे नियमानुसार चालले होते आणि नियमच कायद्यानुसार नव्हता. नोकरशाहीला ‘करावे’ आणि ‘करावेच’ यांतील अंतर चांगले ठाऊक असते. संकेतस्थळाला सुगम्यतेचे प्रमाणपत्र मिळते आणि त्याच संकेतस्थळावर रोज नवे स्कॅन चढत राहतात. प्रमाणपत्र मुखपृष्ठापुरते असते.

हा आजार केवळ आपल्या सरकारांचा नाही, हे सांगितले पाहिजे. अमेरिकेतील युटा राज्य विद्यापीठाशी संलग्न ‘वेबएम’ ही संस्था दरवर्षी जगातील दहा लाख संकेतस्थळांची मुखपृष्ठे तपासते. २०२५ च्या पाहणीत ९४.८ टक्के पानांवर निकषभंग आढळले. फिकट अक्षरे, वर्णन नसलेली चित्रे, नाव नसलेले रकाने, रिकामे दुवे, रिकामी बटणे आणि भाषेची न केलेली नोंद, या सहा प्रकारांतच बहुतेक दोष सामावतात. सहापैकी एकही दुरुस्त करायला फारशी बुद्धी लागत नाही.

माहिती अधिकाराच्या २००५ च्या कायद्यात एक फारसे उल्लेखिले न जाणारे उपकलम आहे: कलम ७ (४). ज्याला दस्तऐवज पाहायचा आहे ती व्यक्ती दृष्टी, श्रवण यांसारख्या ज्ञानेंद्रियांच्या बाबतीत विकलांग असेल, तर तिला तो समजून घेता यावा म्हणून साहाय्य करणे माहिती अधिकाऱ्यावर बंधनकारक आहे. स्कॅन केलेली प्रत अंध अर्जदाराच्या हाती ठेवून काम संपत नाही, असा त्याचा सरळ अर्थ होतो. हे हत्यार वापरले जायला हवे त्या प्रमाणात वापरले जात नाही. राजेंद्र नगरातील मराठी माणसाच्या दृष्टीने त्यात एक मर्यादा आहे. अर्ज इंग्रजीत, हिंदीत किंवा त्या क्षेत्राच्या राजभाषेत करावा लागतो. मध्य प्रदेशात मराठीला ते स्थान नाही. म्हणजे शासनाशी त्याचा व्यवहार हिंदीतच होणार. मराठीसाठी त्याला आपल्या समाजावरच अवलंबून राहावे लागते, आणि म्हणून त्या समाजाने मजकूर चित्रात कोंडला की दुसरे दारच उरत नाही.

गोव्यातील वाचकाची स्थिती याहून बरी आहे, पण फार वेगळी नाही. १९८७ च्या राजभाषा कायद्याने कोकणी राजभाषा झाली आणि शासकीय कामकाजात मराठीच्या वापरालाही वाव राहिला. मात्र त्यामुळे फोनपुढचा पेच वाढतो: कोकणी, मराठी, हिंदी अशा तीन भाषा आणि लिपी एकच. मोठ्या कंपन्या बाजारपेठेचा आकार पाहून आवाज घडवतात. कोट्यवधी भाषकांच्या मराठीला तो उशिरा मिळाला. कोकणीची गणना त्या हिशेबात कुठे होणार हे सांगायला नको. छोट्या भाषांना अशा वेळी मुक्त-स्रोत साधनांचाच आधार असतो आणि ती साधने सुधारण्यासाठी त्या त्या भाषेच्या विद्यापीठांनी आणि अकादमींनी पुढे यावे लागते.

जानेवारी २०२३ मध्ये पणजीत पहिला पर्पल फेस्ट झाला आणि दिव्यांगांचा उत्सव राज्याच्या पातळीवर कसा करता येतो हे गोव्याने देशाला दाखवले. त्याबद्दल राज्याचे कौतुक झाले, ते योग्यच होते. उत्सवाच्या दिवसांत सांकेतिक भाषेचे दुभाषे व्यासपीठावर दिसतात, उतारमार्ग बांधले जातात. उरलेल्या दिवसांचा हिशेब मात्र वेगळ्या वहीत ठेवावा लागतो. तालुक्याच्या कार्यालयातून निघालेली सूचना, पंचायतीच्या ग्रामसभेचे निमंत्रण, वादळाच्या इशाऱ्याचे पत्रक, नोकरभरतीची जाहिरात ही कोणत्या रूपात लोकांपर्यंत जाते, हे ज्या दिवशी उत्सव नसतो त्या दिवशी पाहावे लागेल. राज्य लहान असल्याचा इथे फायदा आहे. मोजकी खाती, मोजक्या पंचायती. टंकलेली मूळ प्रत स्कॅनसोबत जोडावी, एवढा एक आदेश निघाला तर तो पाळला जातो की नाही हे आठवड्याभरात तपासता येईल. मध्य प्रदेशासारख्या विस्तीर्ण राज्याला ते इतके सोपे नाही.

साहित्याच्या बाबतीत तर कायदा केव्हाच मोकळा झाला आहे. २०१२ मध्ये स्वामित्वहक्क कायद्यात दुरुस्ती होऊन दिव्यांग वाचकांसाठी पुस्तकाची सुगम प्रत काढायला परवानगीची गरज उरली नाही. २०१३ च्या माराकेश करारावर मान्यतेची मोहोर उठवणारा भारत जगातील पहिला देश होता. २०१६ पासून ‘सुगम्य पुस्तकालय’ हे ऑनलाइन ग्रंथालयही चालू आहे. आता प्रश्न प्रकाशकांच्या संगणकात असलेल्या मजकुराचा आहे. आजचे प्रत्येक मराठी पुस्तक छापण्याआधी अक्षररूपातच असते, दिवाळी अंकही. त्यांची पीडीएफ करताना जुना फॉन्ट किंवा पानांची चित्रे निवडली गेली की तीच गत होते, आणि वर्तमानपत्रांच्या ई-आवृत्त्यांत पानाचे छायाचित्र पुढे ठेवण्याची प्रथा तर सार्वत्रिक आहे. या पुस्तकांचे आणि अंकांचे इंदूर, बडोदा, ग्वाल्हेर, हैदराबाद इथले ग्राहक वयाने वाढत चालले आहेत. वर्गणी भरणारे हात तेच, डोळे साथ देईनासे झालेले.

तक्रार करायची झाल्यास प्रत्येक राज्यात दिव्यांग व्यक्तींसाठी आयुक्त आहेत. कायद्याच्या कलम ८९ नुसार पहिल्या उल्लंघनासाठी दहा हजार रुपयांपर्यंत आणि पुढील प्रत्येक उल्लंघनासाठी पन्नास हजारांपासून पाच लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे. व्हॉट्सॲपवरील शोकसंदेश चित्रातून आला आणि शेजारच्या गल्लीतला मित्र गेल्याचे एखाद्या अंध वृद्धाला तेराव्यानंतर कळले, तर त्यासाठी कोणतेही कलम नाही. तो मजकूर ज्याने आधी टंकला होता, त्याच्या फोनमध्ये तो अजूनही अक्षररूपात असतो.